विमानातला चहा आणि दशम्या

परवा नातीचा फोन आला. "आजोबा, विमानात नुसतं पाणी दिलं. पूर्वी जेवण फुकट द्यायचे ना?" त्या 'फुकट' शब्दापाशी मी अडलो. पस्तीस वर्षं मुलांना इतिहास शिकवला, त्यामुळे कोणी काही विचारलं की हात आपोआप सनावळीकडे जातो. म्हणून हा लेखप्रपंच.

आमचं भिंगार छावणीला लागून. रणगाडे लहानपणापासून पाहिलेले, पण विमान म्हणजे आकाशातली एक रेघ. वडिलांचे एक मावसभाऊ मुंबईला सांताक्रूझ विमानतळावर कामाला होते. १९६० च्या सुमारास ते सुट्टीला आले, तेव्हा त्यांनी महाराजाचं चित्र असलेली साखरेची एक पुडी आणली. आईने ती कोणाला फोडू दिली नाही. देव्हाऱ्याशेजारच्या डब्यात जपून ठेवली आणि शेवटी मुंग्यांनी तिचा फडशा पाडला! काका सांगायचे, विमानात बसल्या जागी ताट येतं, वर चहा येतो आणि पैसे कोणी मागत नाही. आम्हाला ती लग्नातली पंगतच वाटायची.

आता सनावळी. विमानातलं पहिलं जेवण १९१९ साली हँडली पेज कंपनीने लंडन-पॅरिस प्रवासात दिलं, असं मानतात. गार खाण्याचा डबा, किंमत तीन शिलिंग. म्हणजे विकत घेऊन खाण्याची रीत आजची नव्हे, सुरुवातच तिथून झाली.

आपल्याकडे १५ ऑक्टोबर १९३२ ला जे. आर. डी. टाटांनी कराचीहून अहमदाबादमार्गे मुंबईला जुहूवर विमान उतरवलं, तेव्हा त्यात टपालाच्या थैल्या होत्या. जेवणारं कोणी नव्हतंच. पुढे ८ जून १९४८ ला एअर इंडियाचं 'मलबार प्रिन्सेस' ३५ प्रवासी घेऊन कैरो, जिनिव्हामार्गे लंडनला निघालं. त्यात नवानगरचे जामसाहेबही होते. बॉबी कूका आणि चित्रकार उमेश राव यांचा लवून स्वागत करणारा महाराजा १९४६ चाच. विमानात बसणारा आपला पाहुणा, हा त्याचा अर्थ. जे. आर. डी. स्वतः प्रवास करताना चहाचा रंग कसा होता, इथपर्यंत टिपणं काढून अधिकाऱ्यांना धाडत. यजमान असावा तर असा.

गंमत म्हणजे चवीच्या बाबतीत ते जेवण मुळातच अडचणीत असतं. ते जमिनीवर शिजवून, थंड करून, वर पुन्हा गरम केलेलं असतं. विमानातली हवा कोरडी आणि दाब साधारण सहा ते आठ हजार फुटांच्या डोंगरावर असतो तेवढा. तिथे जिभेला मीठ-साखर कमी लागते आणि नाकाला वासही कमी येतो.

मग एवढा खटाटोप कशाला? कारण त्या काळात विमानभाडी कंपन्यांच्या संघटनेत ठरायची. भाडं कमी करता येत नाही म्हटल्यावर गिऱ्हाईक ओढायचं ते ताटानेच. १९५८ मध्ये अटलांटिकपार स्वस्त वर्ग निघाला, तेव्हा त्यात फक्त साधं सँडविच द्यावं असा नियम झाला. स्कँडिनेव्हियन कंपनीने सँडविचवर इतकं काही रचलं, की तिला २०,००० डॉलर दंड झाला! आपल्याकडे १९५३ मध्ये विमानसेवेचं राष्ट्रीयीकरण झालं, १९९४ मध्ये तो कायदा रद्द झाला आणि खाजगी कंपन्याही ताटावरून चढाओढ करू लागल्या. २००३ मध्ये कॅप्टन गोपीनाथ यांच्या एअर डेक्कनने मात्र ताटच काढून टाकलं. तिकीट स्वस्त, खाणं हवं तर विकत. पुढे बऱ्याच कंपन्या त्या वाटेने गेल्या.

आम्ही दोघं पहिल्यांदा विमानात बसलो ते २००९ साली, पुण्याहून दिल्लीला, मुलाकडे. पहाटे चारला भिंगार सोडलं होतं. विमानात एक मुलगी ढकलगाडी घेऊन आली, हसून काही विचारलं. सौ.ने मान हलवली आणि चहा व सँडविच हातात घेतलं. मग मुलगी म्हणाली, "दीडसौ रुपये." सौ.चा चेहरा पडला. तिने दोन्ही वस्तू परत ठेवल्या. "अहो, मला वाटलं देतायत," एवढंच म्हणाली. मी पैसे काढेपर्यंत गाडी पुढे गेलेली. मग तिने पिशवीतून दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी काढली. खिडकीशी बसलेल्या मुलाला अर्धी दशमी दिली. त्याने आणखी मागून घेतली.

मला तेव्हा फार राग आला होता. चहाचे कसले पैसे घेता? कित्येक वर्षं हा प्रसंग मी तावातावाने सांगत असे.

आता सौ. नाही. सनावळी जुळवताना एक गोष्ट लक्षात आली, ती तिला सांगायला हवी होती. काकांच्या त्या ताटाचे पैसे तिकिटात आधीच घेतलेले असत, आणि ते तिकीट मास्तरच्या पगारात कधीच बसलं नसतं. ती पंगत आमच्यासाठी नव्हतीच. ताट गेलं म्हणून आम्हाला जागा मिळाली. तरी तिचा पडलेला चेहरा या हिशेबात कुठे बसवायचा, ते मला अजून जमलेलं नाही. किंमत आधी सांगितली असती तर तेवढं पुरलं असतं.

असो. २०१७ पासून शिर्डीला विमानतळ झाला आहे, त्यामुळे आपल्या जिल्ह्यातूनही विमान उडतं. नातीला म्हटलं, पुढच्या वेळी इकडून जाताना दशम्या घेऊन जा. चटणी कोरडी घे, तेलकट लोणचं तपासणीत अडकवू शकतात. आणि दोन दशम्या जास्तीच्या ठेव, शेजारी कोण येईल सांगता येत नाही.