घरच्या घरी धातुकाम

धातुकामाचा छंद जोपासण्यासाठी आरंभीच लेथ वा वेल्डिंग यंत्र लागत नाही. भक्कम टेबलाला जखडलेला शेगडा अर्थात व्हाइस, कानस, हॅकसॉ, गुण्या व संरक्षक चष्मा एवढी सामग्री पुरेशी असते. शेगड्याचा वरचा भाग कोपराच्या उंचीला असावा. हॅकसॉचे दाते पुढच्या दिशेला हवेत आणि कापायच्या जाडीवर किमान तीन दाते टेकायला हवेत. त्यामुळे पातळ पत्र्याला इंचात ३२ दात्यांचे, तर जाड सळईला १८ दात्यांचे पाते वापरतात.

कानस पुढे जातानाच कापते. मागे घेताना दाब काढावा. सरावासाठी पितळ सोयीचे. अॅल्युमिनियमचा कीस कानशीत अडकतो. कानशीला आधी खडू घासल्यास ते कमी होते.

ड्रिल करताना तुकडा शेगड्यात आवळावा. हातात धरल्यास तो गरकन फिरून बोटे कापतो. हातमोजेही गुंतण्याचा धोका असल्याने तेथे वर्ज्य. जस्ताचा मुलामा दिलेला पत्रा घरात तापवू नये. त्याच्या धुराने काही तासांतच थंडी-ताप येऊ शकतो.

कानसलेल्या कडेला गुण्या लावून उजेडाकडे धरावे. मधली फट दिसेनाशी झाली, की यंत्रखरेदीचा विचार करण्यास हरकत नाही.