नवी मुंबई : प्रादेशिक नियोजनाचा प्रयोग

मुंबई बेटावरील लोकसंख्येचा भार खाडीपलीकडे वळवण्यासाठी आखलेले जुळे शहर. 1965 मध्ये चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता आणि शिरीष पटेल यांनी ‘मार्ग’ त्रैमासिकात ही कल्पना मांडली. उत्तरेकडे लांबत चाललेले शहर पूर्वेला वळवावे, मुख्य भूमीवर रोजगार न्यावा, म्हणजे माणसे आपोआप तिकडे जातील, असा त्यांचा युक्तिवाद होता. तो आजही पटतो.

महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, 1966 ने अशा नियोजनाला कायद्याचा आधार दिला. 1970 मध्ये हे शहर उभारण्यासाठी सिडको या सरकारी महामंडळाची स्थापना झाली आणि पंचाण्णव गावांच्या सुमारे 344 चौरस किलोमीटर क्षेत्रात वीस लाख वस्तीचे बहुकेंद्री शहर रेखाटले गेले. संपादित जमीन विकसित करून विकायची आणि त्याच पैशातून रस्ते, पाणी, रेल्वे उभारायची, हे त्याचे अर्थकारण.

मात्र रोजगार ठरल्याप्रमाणे हलला नाही : मंत्रालय मुंबईतच राहिले, नरिमन पॉइंटला भराव घालून कार्यालये वाढली आणि नवी मुंबईतल्या वाशीला लोकल पोहोचायला 1992 उजाडले. घाऊक बाजार तेवढे खाडी ओलांडून आले.

या आखणीची सर्वांत मोठी किंमत जमिनी गेलेल्या आगरी-कोळी भूमिपुत्रांनी मोजली. 1984 मध्ये शेतकरी नेते दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखालील भूसंपादनविरोधी आंदोलनावर उरण परिसरात पोलिसांनी गोळीबार केला. त्यात पाच शेतकरी मारले गेले. संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड परत देण्याची योजना या लढ्यातूनच आली.