मालिकांच्या घरातले स्वमग्न मूल

दूरचित्रवाणीवरच्या दैनंदिन मालिका हा आपल्याकडे टिंगलीचा विषय. 'आम्ही बाई मालिका पाहत नाही', हे वाक्य सुशिक्षित घरांत थोड्या अभिमानानेच उच्चारले जाते. त्यातली भरजरी साड्यांतली भांडणे, विजांचा कडकडाट, एकाच चेहऱ्यावर तीन-तीनदा झेपावणारा कॅमेरा, हे सगळे टिंगलीस पात्र आहेच, त्याबद्दल माझा वाद नाही. पण एखादा शब्द, एखादे दुखणे, एखादी झाकून ठेवलेली लाज सामान्य माणसाच्या घरात केव्हा आणि कशी पोचली, याचा इतिहास ज्याला शोधायचा आहे त्याला ग्रंथालयाइतकाच दिवाणखानाही धुंडाळावा लागतो. 'ऑटिझम' किंवा मराठीत ज्याला आपण स्वमग्नता म्हणतो, तो असाच एक शब्द आहे.

आमच्या अंत्रूज महालातल्या वाड्यांवर अशी मुले पूर्वीही होतीच. त्यांना नाव मात्र नव्हते. कोणी 'पिसो' म्हणे, कोणी 'खुळो', कोणी जरा मायेने 'भोळो'. मराठीतही वेडसर, अर्धवट, मंद अशी शब्दांची कमतरता नव्हती. कमतरता होती ती समजण्याची. बोलावले तर वळून न पाहणारे, पंख्याच्या पात्यांकडे तासन् तास पाहत बसणारे, रोजची वाट बदलली की आकांत करणारे मूल वेडे नसते, मंदही असतेच असे नाही. त्याच्या मेंदूची घडण वेगळी असते, एवढे साधे वाक्य जगाला उमगायला विसावे शतक जवळजवळ संपावे लागले.

ग्रीक भाषेतल्या 'स्वतः' या अर्थाच्या शब्दावरून 'ऑटिझम' ही संज्ञा स्विस मनोविकारतज्ज्ञ ऑयगेन ब्लॉयलर यांनी साधारण १९११ च्या सुमारास बनवली, पण ती स्किझोफ्रेनियाच्या संदर्भात. आजच्या अर्थाने तिची ओळख करून दिली ती अमेरिकेत लिओ कॅनर यांनी १९४३ साली, ११ मुलांच्या निरीक्षणावरून. त्याच सुमारास, १९४४ साली, व्हिएन्नात हान्स ॲस्पर्गर यांनीही अशाच मुलांविषयी लिहिले. पुढे मात्र या इतिहासाला फार क्रूर वळण लागले. दोष आईच्या माथी मारण्यात आला. आई मायेला थंड, बर्फासारखी, म्हणून मूल स्वतःच्या कोषात गेले, असे मानले जाऊ लागले. ब्रूनो बेटलहाइम यांच्या १९६७ च्या पुस्तकाने हा समज आणखी दूरवर पसरवला. वास्तविक त्याआधीच, १९६४ मध्ये, बर्नार्ड रिमलंड या मानसशास्त्रज्ञाने हा दोष संगोपनाचा नसून त्याचे मूळ शरीरात आहे असे मांडले होते. रिमलंड स्वतः अशा एका मुलाचे वडील होते. पण एकदा बाईवर लागलेला ठपका पुसायला किती वर्षे लागतात, हे आपल्या समाजाला वेगळे सांगायला नको!

आणि इथेच मालिकांचा संबंध येतो. कारण बाईवर लागलेला ठपका हाच तर दैनंदिन मालिकेचा मूळ धंदा. साबणाच्या कंपन्यांनी गृहिणींसाठी १९३० च्या दशकात अमेरिकन रेडिओवर ज्या कथा चालवल्या, त्यावरून 'सोप ऑपेरा' हे नाव पडले. त्या स्वयंपाकघरासाठीच जन्मल्या होत्या. कुटुंब, रक्ताचे नाते, मूल कोणाचे आणि चूक कोणाची, हे त्यांचे सनातन विषय. तरीही याच कथांनी समाजाला शहाणेही केले. ॲग्नेस निक्सन या लेखिकेने १९६२ साली 'गायडिंग लाइट' मालिकेत गर्भाशयाच्या कर्करोगाची कथा आणली, तेव्हा 'कर्करोग' आणि 'गर्भाशय' हे शब्दच उच्चारायचे नाहीत या अटीवर परवानगी मिळाली. शब्द न उच्चारता बायकांना तपासणीचे महत्त्व सांगितले गेले. मेक्सिकोत मिगेल साबिदो यांनी १९७५ पासून मालिकांतून प्रौढ साक्षरता आणि कुटुंबनियोजन शिकवले. त्याच धड्यावरून आपल्या दूरदर्शनवर १९८४ साली 'हम लोग' आली. भागाच्या शेवटी अशोककुमार येऊन चार शब्द सांगत, ते आमच्या पिढीला आठवत असेलच.

स्वमग्न मुलाचा या पडद्यावरचा प्रवेश मात्र माणूस म्हणून झाला नाही, तो कोडे म्हणून झाला. 'सेंट एल्सव्हेअर' ही १९८२ ते १९८८ या काळातली अमेरिकन मालिका. काटेकोरपणे पाहता ती रोजची मालिका नव्हे, बॉस्टनमधल्या एका रुग्णालयाची साप्ताहिक कथा. तिच्यातल्या डॉक्टर वेस्टफॉलचा मुलगा टॉमी स्वमग्न. २५ मे १९८८ च्या अखेरच्या भागात हा टॉमी हातातल्या काचेच्या गोळ्याकडे एकटक पाहतो, त्या गोळ्यात हिमवर्षाव होत असतो आणि आत ते रुग्णालय उभे असते! डॉक्टर वडील आता बांधकामावरून दमून घरी आलेला साधा माणूस असतात. मुलाच्या मनात काय चालते ते आपल्याला कळत नाही, अशी खंत ते बोलून दाखवतात. म्हणजे सहा वर्षे प्रेक्षकांनी जे पाहिले ते एका स्वमग्न मुलाच्या मनातले जग होते, असे सुचवून मालिका संपते. कल्पना मोठी चमकदार आणि आजही तिची चर्चा होते. पण मला नेहमी वाटते, की सहा वर्षांत त्या मुलाला मिळालेले सर्वांत मोठे काम म्हणजे इतरांची कथा गुंडाळून देणे! त्याची स्वतःची कथा कोणी सांगितली नाही.

त्याच वर्षाच्या डिसेंबरात 'रेन मॅन' हा चित्रपट आला. डस्टिन हॉफमनने स्वमग्न माणूस जगभर पोचवला, यात शंका नाही. पण त्याबरोबर एक नवे ओझेही आले. स्वमग्न माणूस म्हणजे आकडेमोडीत अचाट, स्मरणशक्तीत अफाट, असा समज रुजला. दक्षिण कोरियात २०१३ साली आलेली 'गुड डॉक्टर', तिच्यावरून २०१७ साली निघालेली अमेरिकन मालिका, आणि २०१९ ची तुर्की आवृत्ती, जिच्या नावातच 'चमत्कार' हा शब्द आहे, ही सारी त्याच वाटेवरची. माझ्या परिचयातल्या एका आईला तिच्या मुलाचे निदान सांगितल्यावर हमखास एक प्रश्न विचारला जातो, "मग याला काय येतं? गणित की चित्रकला?" आपल्या मुलाला असे विशेष काही येत नाही, हे त्या माउलीला जणू अपराध असल्यासारखे सांगावे लागते. पूर्वी तिच्याकडे मायेचा हिशेब मागितला जाई, आता प्रतिभेचा मागितला जातो. हिशेब देणारी तीच!

रोजच्या मालिकेत स्वमग्न व्यक्तीला खऱ्या अर्थाने घर मिळाले ते 'ऑल माय चिल्ड्रेन'मध्ये. ही मालिकाही ॲग्नेस निक्सन यांचीच, १९७० पासून चाललेली. तिच्यात २००४ साली लिली मॉन्टगोमेरी ही स्वमग्न मुलगी आली. लेव्हन रॅम्बिन या अभिनेत्रीने ती साकारली. लिली एखाद्या आठवड्याची पाहुणी नव्हती, ती कुटुंबातली होती. ती मोठी झाली, प्रेमात पडली, दुखावली गेली. रोज दुपारी तिला पाहणाऱ्या प्रेक्षकांना तिच्या सवयी पाठ झाल्या. तिला स्पर्श का नको, ती शब्दशः अर्थ का घेते, हे भाषण न देता कळत गेले. रोज भेटणाऱ्या माणसाची आपण सवय करून घेतो. दोन तासांच्या चित्रपटाला हे साधत नाही.

आपल्याकडे २००८-०९ च्या सुमारास हिंदी वाहिन्यांनी सासू-सुनांकडून सामाजिक प्रश्नांकडे मोहरा वळवला. 'बालिका वधू' ही त्याची सुरुवात. त्याच लाटेत जून २००९ मध्ये झी टीव्हीवर 'आपकी अंतरा' आली. पाच वर्षांची स्वमग्न अंतरा हे तिचे केंद्र आणि झायना वस्तानी या बालकलाकाराने ती भूमिका केली. मालिका २०१० मध्ये संपली. पण त्या वेळची पार्श्वभूमी ध्यानात घ्या. आपल्या १९९५ च्या अपंगविषयक कायद्यात सात प्रकारांची यादी होती, तीत स्वमग्नता नव्हती. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्याने तिचे नाव घेतले खरे, पण अपंगत्वाच्या मुख्य यादीत ती आली २०१६ च्या कायद्याने, जेव्हा सातांचे एकवीस प्रकार झाले. म्हणजे सरकारच्या यादीआधी सात वर्षे ही मुलगी घराघरातल्या पडद्यावर पोचली होती!

ब्राझीलमध्ये क्रम उलटा झाला. तिथे एका स्वमग्न मुलाच्या आईच्या, बेरेनिसे पियाना यांच्या, नावाने ओळखला जाणारा कायदा डिसेंबर २०१२ मध्ये आला आणि पाठोपाठ २०१३ साली ग्लोबो वाहिनीच्या 'आमोर आ व्हीदा' या रात्रीच्या मालिकेत लिंडा ही स्वमग्न तरुणी आली. एक वकील तिच्या प्रेमात पडतो, अतिकाळजी करणारी आई आडवी येते. यावर तिथे बरीच उलटसुलट चर्चा झाली. काहींना ते प्रेम भाबडे वाटले, काहींना स्वमग्न स्त्रीलाही प्रेमाचा हक्क आहे हे प्रथमच कोणी म्हटल्याचे समाधान वाटले. दोन्ही बाजूंत तथ्य आहे. पण लिली काय, अंतरा काय, लिंडा काय, तिघींच्या भूमिका स्वमग्न नसलेल्यांनी निरीक्षणावरून केल्या होत्या. ब्रिटनच्या 'हॉलीओक्स' मालिकेत २०१८ साली ब्रुक हॅथवे हे स्वमग्न पात्र आले, ते मात्र टायलन ग्रँट या स्वतः स्वमग्न असलेल्या कलाकाराने रंगवले. टॉमीच्या मनात काय चालते ते कळत नाही म्हणून वडील खंतावले होते. तीस वर्षांनंतर विचारण्यासारखे माणूस समोर उभे होते.

आता या सगळ्यातून मला दिसते ते असे. दैनंदिन मालिका आणि स्वमग्नता यांचे वरवर पाहता मुळीच जमू नये. मालिका चालते डोळ्यांवर, चेहऱ्यावर उमटणाऱ्या भावांवर. कॅमेरा झेपावतो आणि चेहऱ्याने लगेच उत्तर द्यावे लागते. स्वमग्न मूल नजर देत नाही, त्याचे प्रेम चेहऱ्यावर नसते, ते कुठेतरी भलतीकडेच असते. आपल्या ताटाशेजारी त्याने ओळीत मांडलेल्या बांगड्यांत असेल, रोज त्याच खुर्चीला लागून बसण्यात असेल. शिवाय मालिकेला कलाटणी हवी, चमत्कार हवा, देवळातल्या घंटेबरोबर बरे होणे हवे. स्वमग्नता हा बरा होणारा आजार नाही. शिकवल्याने, समजून घेतल्याने जगणे सोपे होते, एवढेच आणि ते पुष्कळ आहे.

पण जरा आत पाहिले तर दोघींचे जमण्यासारखेही काही आहे. मालिकेचा प्राण म्हणजे तोच-तो-पणा. तीच वेळ, तेच शीर्षकगीत, तोच जिना. क्रिकेटच्या सामन्यापायी मालिका चुकली तर आमच्या घरातल्या वडीलधाऱ्या मंडळींची जी चिडचिड होते, ती पाहिली की ठरलेल्या क्रमाची ओढ केवळ स्वमग्नांनाच असते असे म्हणवत नाही! शिवाय स्वमग्न मुलाच्या घरातला दिवस हा कालच्यासारखाच असतो. त्यात प्रगती होते ती मुंगीच्या पावलाने. वर्षभर रोज अर्धा तास चालणाऱ्या कथेइतके ती दाखवायला योग्य साधन दुसरे कोणते? मूल प्रथमच हात धरून रस्ता ओलांडते, याला तीनशे भागांनंतर जे मोल येते ते चित्रपटात येणार नाही.

आणि हा प्रश्न दूरचा नाही. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात देशातल्या पाच ठिकाणच्या दोन ते नऊ वर्षांच्या ३,९६४ मुलांच्या मेंदू-विकासाच्या अडचणी तपासल्या गेल्या. त्या पाचांत आमचा उत्तर गोवाही होता. जानेवारी २०२३ मध्ये पणजीत पर्पल फेस्ट भरला, तेव्हा दिव्यांग माणसे मांडवीकाठी उघडपणे, हसतखेळत वावरताना गोव्याने पाहिली. आमच्या लहानपणी अशी मुले पाहुणे आले की आतल्या खोलीत जात. ती आता ओसरीवर आली आहेत.

मराठी मालिकांच्या लेखकांकडे म्हणूनच माझे एक मागणे आहे. अशा मुलाला एखाद्या घरात जन्म द्या, पण त्याला कोडे करू नका, देवदूत करू नका, शेवटच्या भागात बरेही करू नका. त्याच्या आईला कोणाचाही शाप लागलेला दाखवू नका. त्याला फक्त रोज रात्री आठ वाजता आमच्या घरी येऊ द्या. त्याची सवय कशी करून घ्यायची, ते आम्ही प्रेक्षक हळूहळू शिकू.