पाहुण्याच्या हातातली खूण

गाव बदलून दुसरीकडे राहायला गेलेल्या ख्रिस्ती माणसाने आपल्या जुन्या मंडळीच्या पाळकांचे पत्र नव्या मंडळीत नेऊन द्यायचे, ही रीत आपल्याकडे अनेक मंडळ्यांत आहे. पत्रात फारसे काही नसते. नाव, बाप्तिस्म्याची नोंद, हा आमचा सभासद आहे एवढे सांगणारी एखाददुसरी ओळ, सही आणि शिक्का. पण ते हाती असले की अनोळखी शहरात प्रभुभोजनाच्या मेजापाशी जागा मिळते, आणि उपासना संपल्यावर कोणीतरी घरी जेवायलाही नेते. या पत्राचे मूळ सांगताना सहसा पौलाकडे बोट दाखवतात आणि विषय तिथेच संपतो. मला ते पुरेसे वाटत नाही. या पत्राचा मूळपुरुष मुळात पत्र नव्हताच. तो हाडाचा, हस्तिदंताचा किंवा काशाचा एक तुकडा होता आणि त्याचा माग उत्तर आफ्रिकेतल्या कार्थेज शहरात लागतो, असे माझे म्हणणे आहे.

रोमन लोक त्या तुकड्याला ‘तेसेरा होस्पितालिस’ म्हणत. दोन घराण्यांत पाहुणचाराचा करार झाला की जुळणाऱ्या दोन खुणा करत आणि प्रत्येक घर एकेक खूण जपून ठेवी. पुढे एका घरचा माणूस दुसऱ्याच्या गावी गेला की त्याने आपली खूण काढायची. ती यजमानाच्या खुणेशी जुळली की तो परका उरत नसे. निवारा आणि अन्नपाणी त्याला हक्काने मिळे, आणि हा हक्क बापाकडून मुलाकडे जाई. प्लॉटसच्या ‘पोएनुलुस’ या नाटकात हॅनो नावाचा वृद्ध ग्रीसमधल्या एका गावी आपल्या जुन्या स्नेह्याला शोधत येतो. स्नेही वारलेला असतो, पण त्याचा दत्तक मुलगा घरातली खूण ओळखतो, दोन्ही तुकडे जुळवून पाहिले जातात आणि बापाचे नाते मुलाकडे चालू होते. हा हॅनो कार्थेजचा आहे, ही गोष्ट मला योगायोगाची वाटत नाही. खुद्द कार्थेजच्या एका थडग्यात इ.स.पू. सहाव्या शतकातली, रानडुकराच्या आकाराची हस्तिदंती पट्टी सापडली आहे. तिच्यावर एत्रुस्कन लिपीत कार्थेजचा उल्लेख आहे आणि ती अशीच पाहुणचाराची खूण मानली जाते. समुद्रावर व्यापार करणाऱ्या या शहराला परमुलखात कोण आपल्याला घरात घेईल हा प्रश्न रोजचाच असणार, आणि त्याचे उत्तर या तुकड्यांनी दिले.

आता त्याच कार्थेजचा ख्रिस्ती लेखक तर्तुल्लियन पाहा. इ.स. २००च्या सुमारास पाखंडी मतांविरुद्ध लिहिताना त्याला असे दाखवायचे आहे की देशोदेशी विखुरलेल्या मंडळ्या एकच आहेत. पुरावा म्हणून तो तीन गोष्टी सांगतो: शांतीची देवाणघेवाण, एकमेकांना बंधू म्हणणे आणि ‘कोन्तेसेरातिओ होस्पितालितातिस’, म्हणजे पाहुणचाराची खूण एकमेकांशी जुळवणे. हा शब्द लॅटिनमध्ये त्याच्याआधी दिसत नाही. घराघरांतल्या जुन्या कराराचे नाव घेऊन त्याने ते मंडळ्यामंडळ्यांतल्या नात्याला दिले. माझी सगळी मांडणी या एका शब्दावर उभी आहे, म्हणून त्यावर येणारे आक्षेप आधी तपासतो.

पहिला आक्षेप असा की तर्तुल्लियन भाषेचा शौकीन होता, शब्द घडवणे हा त्याचा स्वभावच. तेव्हा हा नुसता अलंकार समजावा. पण यादीतल्या आधीच्या दोन गोष्टी अलंकार नाहीत. शांतीची देवाणघेवाण उपासनेत प्रत्यक्ष होत असे, आणि ‘बंधू’ या हाकेवरून बाहेरचे लोक ख्रिस्ती लोकांची टिंगल करत. दोन खऱ्या प्रथांच्या ओळीत तिसरी कल्पित प्रथा कोणी पुरावा म्हणून ठेवणार नाही, विशेषतः विरोधक समोर असताना. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. तेसेरा हा शब्द सैन्यातही होता. पहाऱ्याचा परवलीचा शब्द ज्या फळीवर लिहून फिरवत तिला तेसेरा म्हणत, आणि विश्वासांगीकार हा ख्रिस्ती लोकांचा परवलीचा शब्द होय, असे ख्रिस्ती लेखक रूफिनसने पुढे लिहिले. त्याच पुस्तकात पुढे रोमच्या मंडळीने आफ्रिकेच्या मंडळ्यांशी खूण जुळवली असे तर्तुल्लियन म्हणतो, तेव्हा विषय श्रद्धेचाच आहे. म्हणून खूण म्हणजे श्रद्धेचे शब्द, असे काही अभ्यासक धरतात. त्या दुसऱ्या जागेपुरते मी ते मान्य करतो. पहिल्या जागी मात्र ‘पाहुणचार’ हा शब्द त्याने स्वतः जोडला आहे, आणि पहारेकऱ्याची परवली पाहुण्याला जेवू घालत नाही.

तिसरा पक्ष पत्राची कुळी पत्रातच शोधतो. रोमन जगात शिफारसपत्रांचा सुकाळ होता. सिसेरोने स्नेह्यांना लिहिलेल्या पत्रांच्या संग्रहातले तेरावे पुस्तक त्यांनीच भरले आहे. ज्यू सभास्थानांचीही आपसांत पत्रे चालत. दमास्कसला निघालेल्या शौलाच्या झोळीत महायाजकाची पत्रे होती. जेरुसलेमला सापडलेल्या थिओडोटसच्या शिलालेखात तर सभास्थानाबरोबर परदेशातून येणाऱ्या गरजूंसाठी खोल्या आणि पाण्याची सोय बांधल्याचे कोरले आहे. ख्रिस्ती पाहुणचाराने इथून पुष्कळ घेतले, याबद्दल वाद घालण्याचे कारण नाही. किंख्रियेच्या फिबीची रोमकरांस पत्रातली शिफारस, अपुल्लोसाला अखयात जाताना इफिसच्या बंधूंनी दिलेले पत्र, आम्हांला शिफारसपत्रे कशाला हवीत असा करिंथकरांना केलेला पौलाचा सवाल, हे सगळे त्याच घाटाचे आहे. पण घाट एकाचा आणि काम दुसऱ्याचे, असे वस्तूंच्या इतिहासात नेहमी घडते. सिसेरोचे पत्र सिसेरोच्या वजनावर चालते. त्यात माणसाचे गुण, त्याचे घराणे, माझ्यावरचे त्याचे उपकार यांचे वर्णन असते, आणि वाचणारा सिसेरोला ओळखणारा असावा लागतो. फिबीची शिफारसही याच जातीची आहे, कारण पौल तिने केलेल्या मदतीची आठवण देतो.

आता इजिप्तमधल्या ऑक्सिऱ्हिंकसच्या उकिरड्यांतून निघालेली तिसऱ्या शतकातली पत्रे पाहा. तिथला बिशप सोतास याची आणि त्याला आलेली अशी काही पत्रे हाती आली आहेत. त्यांत गुणवर्णन नाही, उपकारांची आठवण नाही. अमुक आपला बंधू, अमुक आपली बहीण, हिला शांतीने स्वीकारा; हा शिकाऊ आहे, त्याचे शिक्षण उत्पत्तीच्या पुस्तकापर्यंत आले आहे; सोबतच्यांचा सलाम. एका पत्रात तर स्वीकार नेहमीच्या रीतीप्रमाणे करा, एवढेच म्हटले आहे. नाव बदलले की तेच पत्र दुसऱ्याच्या हाती देता येईल इतके ते ठरावीक आहे. हे शिफारसपत्र नव्हे, ही लिहिलेली खूण आहे. हुंडी जशी ती लिहिणाऱ्या मुनिमाच्या गोड भाषेवर न चालता पेढ्यांच्या जाळ्यावर चाले, तशी ही चिठ्ठी मंडळ्यांच्या जाळ्यावर चालते.

खुणेची गरज का पडली हेही स्पष्ट दिसते. १८७३ साली कॉन्स्टँटिनोपलला फिलोथेओस ब्रिएन्निओस यांना सापडलेल्या ‘दिदाखे’ या प्राचीन नियमपुस्तिकेत पत्राचा उल्लेखच नाही. तिथे कसोटी दिवसांची आहे. फिरता प्रेषित एक दिवस राहील, गरज पडली तर दोन. तिसऱ्या दिवशीही राहिला तर तो खोटा. निघताना भाकरीशिवाय काही घेऊ नये; पैसे मागेल तर तोही खोटा. वाटसरूने दोन-तीन दिवसांवर राहू नये. कायमचे राहायचे असेल तर धंदा करून पोट भरावे, आणि तेही नको असेल तर तो ख्रिस्ताच्या नावाचा व्यापारी समजावा. मायेने उघडलेल्या दारातून लबाडही आत येतात, हे या माणसांना ठाऊक होते. ख्रिस्ती नसलेल्या उपहासकार लूशियनने पेरेग्रिनस नावाच्या भोंदूच्या गोष्टीत नेमकी हीच जागा पकडली: तुरुंगातल्या त्या ढोंग्याला ख्रिस्ती लोक अन्न पोचवतात आणि आशियातल्या शहरांतून मंडळ्यांच्या खर्चाने त्याच्या मदतीला माणसे येतात. मंडळ्या दहा-वीस होत्या तोवर दिवस मोजून भागले. शेकडो झाल्यावर जुळवून पाहता येईल अशी वस्तू हवी झाली. त्या वस्तूबरोबर दार बंद ठेवण्याची सत्ताही आली, हे लपवण्यात अर्थ नाही. योहानाच्या तिसऱ्या पत्रातला दियत्रफेस पाहुण्या बंधूंना घेत नाही, आणि घेणाऱ्यांना मंडळीबाहेर काढतो. गायसाचे उघडे दार आणि दियत्रफेसाचा अडसर एकाच छोट्या पत्रात आहेत.

माझ्या बाजूने सर्वांत बोलका पुरावा पुढच्या काळातला आहे. या पत्रांना लॅटिनमध्ये ‘फोर्माता’ नाव पडले आणि खोट्या पत्रांपासून रक्षणासाठी त्यांत आकडेमोड आली. नायसियाच्या परिषदेच्या नावावर चालणारा नियम असा: पिता, पुत्र, पवित्र आत्मा आणि पेत्र यांची ग्रीक आद्याक्षरे घ्या. त्यांची अंकमूल्ये ८०, ४००, १ आणि ८०, म्हणजे बेरीज ५६१. तीत लिहिणाऱ्याच्या नावाचे पहिले अक्षर, घेणाऱ्याच्या नावाचे दुसरे, आणणाऱ्याचे तिसरे, गावाच्या नावाचे चौथे अशा अक्षरांची मूल्ये मिळवा, चालू वर्षाचा क्रमांक मिळवा, आणि शेवटी आमेनचे ९९. नियम नायसियाइतका जुना असो वा नसो, या रीतीने लिहिलेली पत्रे नवव्या शतकातल्या संग्रहांत आहेत. घेणाऱ्याने पुन्हा बेरीज करायची आणि जुळली तरच पाहुण्याला आत घ्यायचे. हॅनोच्या खुणेचे दोन अर्धे इथे अंकांत परत आले. शिफारसपत्राच्या वंशातून हे जुळवणे येत नाही, कारण शिफारसपत्राला दुसरा अर्धा नसतोच.

हा धागा आफ्रिकेतच सर्वांत घट्ट राहिला. कार्थेजचा बिशप सिप्रियन याला २५० साली रोमहून आलेल्या एका पत्राचे हस्ताक्षर आणि कागद संशयास्पद वाटले. त्याने ते तपासण्यासाठी परत पाठवले. मिलेव्हचा ओप्तातस मुख्य मंडळीपासून फुटलेल्या डोनाटिस्टांना सांगतो की आमचे जगाशी ऐक्य फोर्मातांच्या देवघेवीतून दिसते. ऑगस्टीनने डोनाटिस्ट बिशप फोर्तुनियसला सरळ विचारले: मी सांगेन त्या ठिकाणी स्वीकारले जाईल असे पत्र तू देऊ शकतोस का? मंडळी खरी की खोटी याची परीक्षा त्याने खूण कुठवर चालते यावर ठेवली. बाहेरच्यांनाही हे दिसत होते. जुन्या देवांची पूजा पुन्हा रुजवू पाहणाऱ्या ज्युलियन सम्राटाने गलातियाच्या मुख्य पुजाऱ्याला शहरोशहरी धर्मशाळा काढायला सांगितले आणि त्यासाठी वर्षाला ३०,००० मोदी गहू आणि ६०,००० सेक्स्तारी मद्य नेमून दिले. ते पत्र देणारा इतिहासकार सोझोमेन म्हणतो की बिशपांच्या पत्रांतल्या खुणांचे ज्युलियनला विशेष कौतुक होते. या ठिकाणी सोझोमेनने वापरलेला ग्रीक शब्द ठरवून घेतलेल्या खुणेचाच आहे.

ख्रिस्ती मंडळ्यांनी वापरलेला हाडाचा किंवा काशाचा असा एकही तुकडा सापडलेला नाही, हा माझ्या मांडणीतला मोठा खड्डा आहे. हस्तिदंती डुकरापासून तर्तुल्लियनपर्यंत सातेकशे वर्षांचे अंतरही आहे. पण तुकडा सापडावा अशी माझी अपेक्षाच नाही. दोन घरांच्या करारात दोन तुकडे पुरतात. हजार घरांत प्रत्येकाचा दुसऱ्याशी तुकडा कसा जुळवणार? तेव्हाच खूण लेखणीत उतरली असणार, आणि जुना शब्द नव्या वस्तूला चिकटून राहिला असणार.

पुढचा प्रवास परिचित आहे. ४५१ साली खाल्केदोनच्या परिषदेने गरजूंना शांतीची पत्रे द्यावीत असे ठरवले. बेनेदिक्तच्या नियमात परक्या मठाच्या साधूला ठेवून घ्यायचे तर त्याच्या मठाधिपतीची संमती किंवा पत्र लागे. स्कॉटलंडच्या मंडळ्यांनी प्रभुभोजनासाठी शिशाचे बिल्ले पाडले आणि खूण पुन्हा धातूची झाली. १८१३ साली मुंबईत आलेल्या अमेरिकन मराठी मिशनसारख्या मिशनांच्या मंडळ्यांतून पत्राची रीत मराठी मुलखात रुळली. दुष्काळात, नोकरीसाठी, शिक्षणासाठी गाव सोडलेली माणसे कुठून निघाली आणि कुणी त्यांना घरात घेतले, हे या आलेल्या-गेलेल्या पत्रांत आणि त्यांच्या नोंदवह्यांत सापडू शकते. ज्या मंडळ्यांच्या कपाटात ती अजून असतील, त्यांच्या पाळकांनी आणि वडिलांनी ती रद्दीत जाऊ देऊ नयेत, त्यांची यादी करावी, आणि अभ्यासकाने मागितली तर दाखवावीत.