वहीत महिनाच नव्हता

'घर अडचणीत येतं, कारण घरात हिशेब नसतो.' आर्थिक साक्षरतेच्या शिबिरांत, बचत गटांच्या मेळाव्यांत, दिवाळी अंकांतल्या गुंतवणुकीच्या लेखांत हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलं आणि वाचलं आहे की आता ते मत राहिलेलं नाही, गृहीतक झालं आहे. ते मांडणाऱ्यांच्या हेतूबद्दल मला शंका नाही. पण हे वाक्य ऐकताना समोर सतरंजीवर बसलेल्या बायका मान खाली घालतात, ते मी पाहिलं आहे. ज्यांनी मान ताठ ठेवून ऐकावं त्यांनाच ते अपराधी ठरवतं. म्हणून हा वाद.

आधी पूर्वपक्ष, आणि तो पूर्ण. त्यांचं म्हणणं असं. कमी मिळकतीच्या घराची खरी गळती छोट्या, न लिहिलेल्या खर्चांत असते. खर्च लिहिला की गळती दिसते, आणि दिसली की थांबते. मिळकतीचे तीन भाग करावेत : पन्नास टक्के गरजा, तीस टक्के हौस, वीस टक्के बचत. किराण्याची उधारी बंद करावी. भिशी, डब्यातल्या नोटा, सोन्याचे मणी ही मागासलेली साधनं आहेत, त्यांना व्याज नाही. बचत बँकेत न्यावी. आणि अंथरूण पाहून पाय पसरावेत.

यातलं एक मी आधीच मान्य करतो. लिहिलेला हिशेब न लिहिलेल्या हिशेबापेक्षा चांगला. दारूत, जुगारात आणि हल्ली मोबाइलवरच्या झटपट कर्जांत घरं बुडतात, हेही खरं. त्याचा बचाव मला करायचा नाही. माझा प्रश्न उरलेल्या घरांचा आहे. ज्या घरात दारू नाही, जुगार नाही, हिशेबही लिहिलेला आहे, ते घर अडचणीत का येतं?

असं एक घर मी आतून पाहिलं आहे. वडील इचलकरंजीत यंत्रमागावर होते. बारा तासांची पाळी, मजुरी मीटरवर, हप्ता आठवड्याला. आई घरी कांड्या भरायची आणि शंभर पानी वहीत हिशेब लिहायची. २००६ सालची ती वही माझ्याकडे आहे. भारनियमनाचे ते दिवस. वीज गेली की माग थांबतो, माग थांबला की मीटर थांबतात. त्या वहीतले लागोपाठचे दोन आठवडे इथे पुरावा म्हणून ठेवतो.

पहिला आठवडा. हप्ता ७१५. वाणी २५०, दूध ५६, भाजी ७०, भाड्यासाठी बाजूला १००, भिशी ५०, रॉकेल ३०, दवाखाना ६०. उरले ९९, ते तूरडाळीच्या डब्यात. दुसऱ्या आठवड्यावर तिने शेरा मारला आहे : 'बीम नाही, लाईट नाही.' म्हणजे मागावर चढवायला सूत नाही, आणि वीजही नाही. हप्ता ३९०. वाणी १००, दूध ५६, भाजी ५०, भाडं १००, भिशी ५०, रॉकेल ३०. उरले ४.

आता न्यायाधीश म्हणून वाचकांनी नीट पाहावं. मिळकत जवळजवळ निम्म्यावर आली. आईने काय कापलं? भाजी थोडी कापली, आणि वाण्याला अडीचशेऐवजी शंभर दिले. भिशीच्या पन्नासाला हात लावला नाही, भाड्यालाही नाही. का? वाणी थांबतो. त्याच्या वहीत दीडशे बाकी वाढली तरी तो पुढच्या हप्त्याला माल देतो, कारण सबंध गल्लीचे हप्ते असेच वरखाली होतात आणि त्याचा धंदाच त्यावर उभा आहे. भिशीतल्या बायका थांबू शकत नाहीत, कारण त्या आठवड्याला ज्या बाईचा नंबर आहे तिचंही काही अडलेलं असतं. घरमालक तर थांबतच नाही. कोणतं देणं ताणता येतं आणि कोणतं नाही, याचं हे बारीक ज्ञान आहे. व्यापारी हेच करतो तेव्हा आपण त्याला खेळतं भांडवल सांभाळणं म्हणतो. आईने केलं की ती उधारीची वाईट सवय?

आणखी एक गोष्ट. त्या सबंध वहीत महिना नाही. आठवडे आहेत, आणि वर्ष आहे. जूनच्या आधी दोन महिने 'शाळा' असं सदर सुरू होतं. वळवाच्या पावसात पत्रा गळू लागला की 'पत्रा'. भाद्रपदात 'गणपती'. पन्नास-तीस-वीसचं सूत्र ज्या महिन्यावर उभं आहे, तो महिना तिच्या जगात अस्तित्वातच नव्हता. अंथरूण पाहून पाय पसरावेत म्हणणाऱ्यांना मी एवढंच विचारतो : अंथरूण दर शनिवारी नव्याने कापून मिळत असेल, तर पाय कोणत्या मापाने पसरायचे?

त्या सूत्राचं मूळही पाहू. ते प्रसिद्ध झालं एलिझाबेथ वॉरन आणि अमेलिया वॉरन त्यागी या मायलेकींच्या २००५ सालच्या पुस्तकामुळे. वाचक डोळ्यांसमोर होता तो अमेरिकेतला, ठरावीक पगार हातात येणारा. तिथे ते उपयोगी असेल. ते इथे आणताना गणित कोणी केलं? केंद्र सरकारच्या २०२३-२४च्या उपभोग खर्च सर्वेक्षणानुसार शहरी भारतात दरमहा दरडोई सरासरी खर्च ६,९९६ रुपये, ग्रामीण भागात ४,१२२. त्यात नुसत्या अन्नाचा वाटा शहरात जवळपास ४० टक्के, गावात ४७ टक्के. ही सरासरी आहे, तिच्यात श्रीमंतही धरले आहेत. सरासरीच्या खालच्या घरात हा वाटा वाढतो. मिळकत घटली की अन्नावरच्या खर्चाचा हिस्सा चढतो, हे अर्न्स्ट एंगेलने १८५७ साली दाखवून दिलं होतं. म्हणजे 'गरजा'च्या खणात ताट मांडलं की खण जवळजवळ भरला. भाडं, वीज, शाळा, एसटीचा पास आणि गोळ्या कुठे ठेवायच्या? तीस टक्के हौशीतून? रात्रपाळीत बारा तास मागापुढे उभं राहणाऱ्याचा चहा 'हौस' या सदरात टाकणाऱ्याने एक रात्रपाळी करून पाहावी, मग बोलू.

पण सूत्र चुकीचं असेल, तरी भिशी अडाणीपणाची नाही का? इथे प्रतिपक्ष सर्वांत आत्मविश्वासाने बोलतो, म्हणून इथे थोडं थांबू. आजच्या आकड्यांत घ्या. बारा बायका, महिना पाचशे, भिशी सहा हजारांची. तेच पाचशे दरमहा बचत खात्यात टाकले आणि वर्षाला तीन टक्के व्याज धरलं, तर वर्षाअखेर व्याज किती? पहिले पाचशे बारा महिने राहतात, दुसरे अकरा, शेवटचे एक. सगळं जमेस धरून होतात साडेसत्त्याण्णव रुपये. वर्षाचे. एवढ्या रकमेसाठी भिशीला मागासलेली म्हणायचं आहे. आता दुसरी बाजू. ज्या बाईचा नंबर तिसऱ्या महिन्यात लागला, तिने तोवर भरले पंधराशे आणि हाती आले सहा हजार. साडेचार हजार रुपये तिला नऊ महिन्यांच्या हप्त्यांत, बिनव्याजी, कागदपत्रांशिवाय आणि जामीनदाराशिवाय मिळाले. हेच तिने महिना शेकडा पाचने सावकाराकडून उचलले असते, तर पहिल्याच महिन्याचं व्याज सव्वादोनशे. साडेसत्त्याण्णव वर्षाला, सव्वादोनशे महिन्याला. अडाणी कोण?

उत्तर येईल : शेवटचा नंबर असलेल्या बाईचं काय? तिला व्याज मिळालं नाही, हे खरं. तिने काय विकत घेतलं ते मात्र पाहा. पुढच्या फेरीत अडचण आलीच तर पहिला नंबर मागण्याचा हक्क. आमच्या आळीत चिठ्ठ्या निघायच्या, पण चिठ्ठी निघाल्यावर बायका आपसांत नंबर बदलून घ्यायच्या. आईचा नंबर जवळपास दर वर्षी शाळा उघडण्याच्या आसपास लागायचा. तो योगायोग नव्हता, शेजारणींनी ठरवून सोडलेला होता. दुसरं उत्तर येईल : भिशी चालवणारी पैसे घेऊन पळते. पळते कधीकधी. हे मान्य केलं नाही तर वाद प्रामाणिक राहणार नाही. पण शिक्का, पावती आणि काउंटर असलं की पैसे सुरक्षित, हेही कुठे सिद्ध झालं आहे? २३ सप्टेंबर २०१९ रोजी पंजाब अँड महाराष्ट्र को-ऑपरेटिव्ह बँकेवर निर्बंध आले, तेव्हा खातेदारांना सुरुवातीला काढता येत होते फक्त हजार रुपये.

डब्यातल्या नोटांबद्दल मात्र एक मुद्दा मी हरतो. ८ नोव्हेंबर २०१६च्या रात्री पाचशे-हजारच्या नोटा रद्द झाल्या आणि घराघरांतले डबे उघडे पडले. डबा सुरक्षित नाही, हे त्या रात्री सिद्ध झालं. पण त्या डब्याचं काम केवळ सुरक्षिततेचं कधीच नव्हतं. त्याचं काम गुप्ततेचं होतं. नवऱ्याला, दिराला, मागायला येणाऱ्या नातेवाइकाला 'नाही' म्हणता यावं म्हणून तो होता. नोटा बदलून मिळाल्या, त्यांचं गुपित परत मिळालं नाही. बँकेच्या पासबुकाला ही सोय अजून जमलेली नाही.

मग म्हणतात, हे सगळं ठीक, पण बायकांना व्याज कळत नाही, म्हणून शिबिरं हवीत. सातारा जिल्ह्यातलं म्हसवड या मुद्द्याला उत्तर देतं. माणदेशी महिला सहकारी बँकेचा परवान्याचा पहिला अर्ज नामंजूर झाला, कारण प्रवर्तक सभासदांत निरक्षर बायका होत्या. संस्थापक चेतना सिन्हा हा प्रसंग सांगतात. त्या बायका पुन्हा रिझर्व्ह बँकेत गेल्या आणि अधिकाऱ्यांना म्हणाल्या, आम्हाला वाचता येत नसेल, पण मोजता येतं, कुठल्याही मुदलाचं व्याज विचारा. १९९७ साली बँक उभी राहिली. माणसं समजून न घेता साक्षरता मोजली की काय घडतं, याचा यापेक्षा नेमका दाखला माझ्यापाशी नाही.

त्याही आधी, १९२८ साली, उडुपीच्या एका बँकेने रोज दारात जाऊन चिल्लर गोळा करणारी पिग्मी योजना काढली. आपल्याकडच्या पतसंस्थांत पिग्मी एजंट अजून दुकानोदुकानी फिरतो. ती योजना टिकली, कारण तिने लोकांना महिन्याचा धडा शिकवला नाही. ज्यांची कमाई रोजची आहे, त्यांच्याकडे ती रोज गेली. डॅरिल कॉलिन्स, जोनाथन मॉर्डक, स्टुअर्ट रदरफोर्ड आणि ऑरलँडा रुथवेन यांनी भारत, बांगलादेश आणि दक्षिण आफ्रिकेतल्या अडीचशेहून अधिक गरीब घरांची वर्षभराची आर्थिक रोजनिशी, साधारण दर पंधरवड्याला भेट देऊन, नोंदवली. २००९ साली ती पुस्तकरूपाने आली. त्या घरांत हिशेब नव्हता असं त्यांना आढळलं का? उलट आढळलं. उसनवारी, मंडळं, घरातली बचत, दुकानाची बाकी अशी अनेक साधनं एकेक घर एकाच वेळी हाताळत होतं. थोडी मिळकत असलेल्या घराला जास्त आर्थिक व्यवहार करावे लागतात. वेतनदार घराला हे दिसत नाही, कारण त्याचं काम पगाराची तारीख करते.

राहिला शेवटचा आणि माझ्या मते मूळ हेत्वाभास : कारण आणि कार्य यांची अदलाबदल. 'चुका करतात म्हणून ओढगस्त' असं म्हटलं जातं. तामिळनाडूतल्या ४६४ ऊस शेतकऱ्यांचा अभ्यास २०१३ साली 'सायन्स'मध्ये छापून आला. तेच शेतकरी, एकदा ऊस जाण्याआधी हात आखडलेला असताना आणि एकदा पैसे हाती आल्यावर, एकाच प्रकारच्या विचारशक्तीच्या चाचण्यांना बसले. आधीची कामगिरी कमी भरली. माणसं तीच होती. बदलला होता तो खिसा. ऊस आणि बिल यांच्यातलं ते वाट पाहणं कोल्हापूर-सांगलीच्या वाचकाला मी वेगळं समजावून सांगायला नको.

आणि अडचण म्हणजे तरी काय? ती आकस्मिक असते, असं धरून 'आपत्कालीन निधी'चा सल्ला दिला जातो. २०२१-२२च्या राष्ट्रीय आरोग्य लेख्यांनुसार देशातल्या एकूण आरोग्यखर्चापैकी ३९.४ टक्के रक्कम लोकांनी थेट खिशातून भरली. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत दाखल होऊन घेतलेले ठरावीक उपचार येतात. पोराचा ताप, रक्ताची तपासणी, तिथवरची रिक्षा, बुडालेली पाळी ही मात्र घराचीच. आईच्या वहीत दवाखाना हा शब्द एका वर्षात एकतीस वेळा आला आहे. एकतीस वेळा आलेल्या गोष्टीला आकस्मिक म्हणायचं का? अडचण हे त्या घराचं नेहमीचं हवामान होतं, आणि आई त्याच्या अंदाजाने चालत होती.

  

शिबिरं घेणाऱ्यांना माझी विनंती एकच. पुढच्या वेळी फळ्यावर सूत्र लिहिण्याआधी समोरच्या बाईला तिची वही मागा. निकाल वाचकांनी द्यावा. माझ्याकडचा शेवटचा कागद एवढाच आहे : त्या वर्षी बोनस झाला त्या दिवशी आईने लिहिलं आहे, 'वाण्याचं फिटलं.' आणि त्याच तारखेला, खालच्या ओळीत : 'रवा, साखर, डालडा. बाकी १४०.'