घराला राखाडी रंग द्यायचाय? शेड कार्डाआधी खोलीतला उजेड बघा

फोनमध्ये एक फोटो असतो. पांढरा सोफा, लाकडी टेबल, कोपऱ्यात कुंडी आणि मागे हलकी राखाडी भिंत. तो फोटो घेऊन माणूस गोंदियाच्या बाजारात रंगाच्या दुकानात जातो. मशीनवर रंग तयार होतो, पेंटर दोन हात मारतो, आणि संध्याकाळी ट्यूबलाइट लावली की कळतं, बैठक निळी झाली आहे. कुणाची जांभळट होते, कुणाची चक्क हिरवट. दुकानदाराने कोड बरोबर दिलेला असतो, पेंटरने पाणी जास्त घातलेलं नसतं. पैसे मात्र गेलेले असतात आणि दिवाळी तोंडावर असते.

मग चुकतं कुठे? राखाडी हा एकच रंग आहे असं समजण्यात.

मराठीत ही गोष्ट शब्दांतच आहे. पारव्याच्या पंखासारखा निळसर राखाडी तो पारवा. सुरम्यासारखा गडद, निळ्याकडे झुकणारा तो सुरमई (मासा वेगळा, पण त्याच्या पाठीचा रंग पाहिला तर नाव पटतं). मातीकडे, तपकिरीकडे झुकणारा भुरा किंवा भुरकट. चुलीच्या धुराने काळवंडलेल्या भिंतीचा तो धुरकट. जुन्या माणसाला यातला फरक सांगावा लागत नाही. रंगाच्या कंपन्या यालाच 'अंडरटोन' म्हणतात. मराठीत सरळ 'झाक' म्हणता येईल. राखाडी निवडायचा म्हणजे खरं तर त्यातली झाक निवडायची.

झाक येते कुठून?

गोंदिया हा धानाचा आणि राईस मिलचा जिल्हा, त्यामुळे इथे उदाहरण शोधायला लांब जावं लागत नाही. धानाचं तूस अर्धवट जळलं तर राख काळी निघते, कारण त्यात कार्बन उरलेला असतो. तेच तूस पूर्ण जळलं तर राख पांढुरकी होते. मधल्या सगळ्या पायऱ्या राखाडी. रंगाच्या डब्यातही साधारण हेच घडतं. पांढऱ्या बेसमध्ये थेंबाथेंबाने काळा रंग पडतो. तो पांढरेपणा टायटॅनियम डायऑक्साइडचा असतो आणि काळा बहुतेक वेळा कार्बनचा, म्हणजे एका अर्थी काजळीचाच. नुसता काळा-पांढरा मिसळला तर अनेकदा निळसर राखाडी तयार होतो. त्यात पिवळ्या किंवा लाल ऑक्साइडचे थेंब घातले की तो उबदार होतो. दुकानातल्या मशीनच्या पडद्यावर हे थेंब आकड्यांत दिसतात. दुकानदाराला विचारलं तर तो सांगतो, 'यात पिवळा आहे', 'यात थोडा निळा आहे'. कार्डाकडे डोळे बारीक करून बघण्यापेक्षा हा प्रश्न जास्त कामाचा.

कार्डावरूनच ओळखायचं असेल तर दोन सोप्या युक्त्या आहेत. एक, शेडच्या शेजारी कोरा पांढरा कागद धरा. एकटा असताना तटस्थ वाटलेला राखाडी लगेच आपली झाक दाखवतो. दोन, त्याच पट्टीतली सर्वांत गडद शेड बघा. फिकट शेडमध्ये लपलेलं हिरवं किंवा जांभळं तिथे उघड दिसतं.

नीळ घातलेला चुना आठवत असेल तर हे समजायला अजून सोपं. चुन्याची भिंत पिवळट दिसू नये म्हणून त्यात थोडी नीळ टाकायची पद्धत होती. हात हलका राहिला तर भिंत शुभ्र, जरा जास्त पडली तर निळी. राखाडीत तर लपवायला पांढराही फारसा नसतो, म्हणून एवढासा फरकही भिंतभर दिसतो.

इंटरनेटवरचा सल्ला आणि गोंदियाचा सूर्य

राखाडीबद्दलचे बहुतेक व्हिडिओ आणि लेख अमेरिका-युरोपातल्या घरांसाठी असतात. त्यांचा ठरलेला सल्ला असा, की उत्तरेच्या खोलीत ऊन कधीच येत नाही, उजेड थंड आणि निळसर असतो, तिथे उबदार राखाडी लावा. त्या देशांसाठी हे ढोबळमानाने बरोबर आहे, उन्हाळ्यातली सकाळ-संध्याकाळ सोडली तर. गोंदिया मात्र साधारण २१.५ अंश उत्तर अक्षांशावर, म्हणजे कर्कवृत्ताच्या दक्षिणेला आहे. इथे उन्हाळ्यात सूर्य ईशान्येकडे सरकून उगवतो आणि वायव्येकडे मावळतो. मे संपता संपता तो भरदुपारीही डोक्यावरून किंचित उत्तरेला जातो आणि जुलैच्या मध्यापर्यंत तसाच राहतो. त्यामुळे उत्तरेच्या खिडकीतही उन्हाळ्याच्या सकाळ-संध्याकाळी थेट ऊन येऊ शकतं. दक्षिणेच्या खिडकीत उलट. डिसेंबरमध्ये दुपारचा सूर्य क्षितिजापासून जेमतेम ४५ अंशांवर असतो आणि ऊन खोलीत आतपर्यंत शिरतं, तर मे-जूनमध्ये तिथे ते जवळपास येतच नाही. म्हणजे एकाच खोलीत एकच राखाडी हिवाळ्यात उबदार आणि पावसाळ्यात थंड दिसणार.

पावसाळा तर वेगळंच प्रकरण आहे. ढगाळ आभाळाचा उजेड निळसर असतो. अंगणापुढे धानाची बांधी असेल तर हिरव्या पिकावरून परतलेला उजेडही खिडकीतून आत येतो. ज्या राखाडीत आधीच हिरवी झाक आहे, तो अशा दिवसांत शेवाळ धरल्यासारखा दिसू शकतो.

जुन्या कवेलूच्या घरात आणखी एक गोष्ट घडते. छपरी पुढे आलेली आणि खाली उतरलेली असते. आभाळाचा थेट उजेड खोलीत पोचतच नाही. जो पोचतो तो शेणाने सारवलेल्या अंगणावर आपटून, मातीचा रंग घेऊन. तो उजेड उबदार असतो, पण कमी असतो. अशा खोलीत निळसर राखाडी मळकट दिसतो आणि गडद राखाडी लावला तर दिवसाही दिवा लावावा लागतो.

इथे एक आकडा उपयोगी पडतो, 'एलआरव्ही'. रंग किती उजेड परत फेकतो याचं हे माप. पूर्ण काळा म्हणजे ०, पूर्ण पांढरा म्हणजे १००. बऱ्याच कंपन्या शेडसोबत तो देतात. एकच खिडकी असलेल्या किंवा छपरीमागच्या खोलीत ६० च्या खाली जाऊ नये. दोन-तीन खिडक्यांच्या स्लॅबच्या घरात ४५-५० चा राखाडीही शोभतो. कोळशासारखे गडद रंग १०-१५ च्या आत असतात. ते एखाद्या भिंतीपुरते ठीक. बाहेरच्या पश्चिमेच्या भिंतीला मात्र ते देऊच नयेत. पूर्व विदर्भातल्या मे महिन्यात गडद भिंत दुपारभर ऊन पिते आणि रात्री ते आत सोडते.

दिव्याचंही तसंच. आपल्याकडे सर्वाधिक खपणारी पांढरी एलईडी ट्यूब बहुधा ६५०० केल्विनची असते. तिचा उजेड निळसर. तिच्याखाली पारवा आणखी पारवा होतो आणि माणसांचे चेहरे फिके दिसतात. भिंत बदलण्याआधी एकदा ४००० केल्विनची ट्यूब लावून पाहावी. रंगवून झाल्यावर 'निळा झाला' म्हणून हळहळणाऱ्या काही घरांत दुरुस्ती एवढ्यावरच होऊ शकते.

शेजारचा रंग

फ्रान्समधले रसायनशास्त्रज्ञ मिशेल शेव्हरल गोबेलाँ या प्रसिद्ध विणकाम कारखान्यात रंगाईचे प्रमुख होते. तिथे तक्रार आली, की काळा धागा नीट रंगत नाही, फिका पडतो. त्यांनी तपासलं तर धागा ठीक होता. गडबड शेजारच्या धाग्यांच्या रंगाची होती. डोळा एका रंगाशेजारी दुसरा बघताना त्याला उलट बाजूला ढकलतो. यावरचं त्यांचं मोठं पुस्तक १८३९ साली आलं.

राखाडीला हे सर्वांत जास्त लागू होतं, कारण त्याचा स्वतःचा रंग दुबळा असतो. लाल कोब्याच्या जमिनीशेजारी तटस्थ राखाडी हिरवट भासतो. पिवळ्या दाराशेजारी निळसर, जांभळट. म्हणून जुन्या हिरव्या किंवा गुलाबी डिस्टेंपरवर हातभर चौकोन रंगवून निर्णय घेणं म्हणजे फसणं आहे. नमुना मोठ्या पुठ्ठ्यावर, दोन बाय दोन फुटांच्या, दोन हात मारून बघावा. कडेला चार बोटं पांढरी पट्टी सोडावी. तो पुठ्ठा जमिनीला टेकवून, सोफ्यामागे, दाराशेजारी, खिडकीसमोर आणि खिडकीच्याच भिंतीवर असा फिरवावा. सकाळी, दुपारी आणि रात्री ट्यूबलाइटखाली. दोन दिवस लागतात, पण खोली पुन्हा रंगवायला त्याहून जास्त लागतात.

नमुना आवडला तरी एक पायरी फिकट शेड घ्यावी. चार भिंती एकमेकींवर उजेड टाकतात, त्यामुळे झाक पुठ्ठ्यावर दिसते त्यापेक्षा खोलीत जास्त उठते.

आणि फोनमधला फोटो? फोनचा कॅमेरा उजेडाचा रंग आपोआप दुरुस्त करतो. फोटोत पिवळेपणा जास्त वाटला तर निळ्याकडे नेतो, निळा वाटला तर पिवळ्याकडे. त्यावर फिल्टर वेगळा. फोटो बघून मांडणी ठरवावी, सोफा ठरवावा. रंगाचा कोड ठरवू नये.

ओल आधी, रंग नंतर

'राखाडीवर मळ दिसत नाही' हे अर्धसत्य आहे. धूळ खरंच कमी दिसते. पण ओल पांढऱ्या भिंतीपेक्षा जास्त दिसते. ओला भाग गडद पडतो, आणि त्यावर क्षार फुटून लोणा लागला की पांढरे चट्टे राखाडीवर ठळक उठतात. गोंदियात वर्षाला हजार मिलिमीटरच्या वर सहज पाऊस पडतो. पाऊस संपतो आणि लगेच दिवाळीची घाई सुरू होते. भिंत वरून कोरडी, आतून ओली. त्यावर पुट्टी-प्रायमर चढवून इमल्शन मारलं की ओल आत कोंडते आणि पुढच्या पावसाआधीच पोपडे निघतात. यात दोष शेडचा नसतो, तरी शिव्या तिलाच बसतात.

तपासायला खर्च नाही. फूटभर प्लास्टिकचा तुकडा चारी बाजूंनी चिकटपट्टीने भिंतीला बंद करावा आणि दुसऱ्या दिवशी बघावा. आतून दवासारखे थेंब दिसले तर भिंत तयार नाही. नव्या प्लास्टरला निदान २८ दिवस तरी द्यावेत. दिवाळी हुकली तर हुकली. फेब्रुवारी-मार्च हा इथे रंगकामाला उत्तम काळ आहे, भिंती वाळलेल्या असतात आणि मे महिन्यासारखा रंग रोलरखालीच सुकत नाही.

मातीच्या भिंतींच्या घरात प्लास्टिक इमल्शनच्या मागे लागू नये. माती ओल घेते आणि सोडते, तिला श्वास घेणारा लेप लागतो. चुन्यात काळा ऑक्साइड किंवा काजळीचा काळा मिसळून सुंदर राखाडी मिळतो, कारण हे दोन्ही चुन्यात टिकतात. ओला असताना तो भलताच गडद दिसतो. घाबरू नये, वाळला की बराच उजळतो. सगळ्या घराचं मिश्रण एकदाच करावं, दुसऱ्या बादलीत तोच रंग पुन्हा जमत नाही.

कुठे लावावा, कुठे नाही

बैठकीला मातीकडे झुकणारा हलका राखाडी बहुतेक घरांत चालतो. लाकडी दारं, सागवानी दिवाण, लाल-पिवळ्या चादरी या सगळ्यांशी तो भांडत नाही. झोपायच्या खोलीत पारवा छान, पण दिवा पिवळसर हवा. स्वयंपाकघरात फोडणीचा तेलकट थर बसून थंड राखाडी काही महिन्यांत घाणेरडा पिवळट होतो. तिथे उबदार शेड आणि धुता येणारा, किंचित चमक असलेला रंग घ्यावा. देवघराच्या कोनाड्यात अगरबत्तीची काजळी बसतेच, तेवढ्यापुरता गडद राखाडी शहाणपणाचा. गडद मॅट रंग लहान मुलं असलेल्या घरात, हात पोचेल त्या उंचीला नको. नखाचा ओरखडाही त्यावर पांढरा उठतो.

एक इशारा सिमेंटबद्दल. सिमेंटचा राखाडीपणा मुख्यतः त्यातल्या लोहामुळे असतो, आणि इथल्या नव्या घरांत प्लास्टरपासून राखडीच्या विटांपर्यंत सगळं त्याच रंगाचं. त्याच्या फार जवळची शेड बाहेरून लावली तर येणारा पाहुणा विचारणारच, 'रंग द्यायचा राहिला का?' दाराची चौकट आणि खिडक्यांच्या कडा पांढऱ्या ठेवल्या की हा प्रश्न येत नाही.

आता किती घ्यायचा? १० बाय १२ ची, १० फूट उंचीची खोली म्हणजे भिंती ४४० चौरस फूट. दार-खिडक्यांचे ४० वजा केले तर ४००. डब्यावर दोन हातांसाठी लिटरमागे १०० चौरस फूट लिहिलं असेल तर ४ लिटर. एका खोलीचा सगळा रंग एकाच वेळी बनवून घ्यावा. दोन वेळा बनवलेल्या डब्यांत एका थेंबाचाही फरक राखाडीत कोपऱ्यावर दिसतो. उरलेला पावशेर-अर्धा लिटर घट्ट झाकण लावून ठेवावा आणि झाकणावर कोड, बेस, तारीख आणि खोलीचं नाव लिहावं. खिळ्याचं भोक बुजवायची वेळ आली की दुकानात नेमकं तेवढंच विचारतात.