तबल्याचा बोल आणि यंत्राची स्मृती

बदलीच्या हुकुमाबरोबर सरकारी नोकराचे सामान परगावी जाते, पुस्तके जातात, फार तर बाजाची पेटी जाते. साथीला बसणारा तबलजी मात्र मागेच राहतो. जयपूरच्या शास्त्री नगरासारख्या वस्तीत एखाद्या मराठी घरातील मुलगी रियाजाला बसली, तर तिला ठेका देणारा बहुधा संगणकच असतो. त्यातून उमटणारा ‘धा’ कित्येकदा कोणा हाडामांसाच्या वादकाने एके दिवशी खरोखर वाजवलेला असतो. तो बोल यंत्रात कसा जाऊन बसला, याचा इतिहास मोठा उद्बोधक आहे.

पूर्वी सूर आणि ताल माणसाच्या पावलांनीच प्रवास करीत. जयपूर राज्यातील उनियारा येथे जन्मलेले अल्लादियाखाँ कोल्हापुरी शाहू महाराजांच्या आश्रयाला आले, तेव्हा त्यांच्याबरोबर एक संपूर्ण गायकी महाराष्ट्रात आली. अहमदजान थिरकवा बालगंधर्वांच्या नाटकमंडळीत आले आणि त्यांचा तबला मराठी रसिकांच्या कानांत कायमचा घुमत राहिला. कलावंत आला तर कला आली. तो न आल्यास ती येण्यास दुसरा मार्ग नव्हता.

तबल्याच्या बोलाकडे शास्त्रीय दृष्टीने पाहण्याचा मान मात्र एका माजी सरकारी अधिकाऱ्याकडे जातो, ही गोष्ट आपणां नोकरदारांस सुखावणारी आहे. चंद्रशेखर वेंकट रामन हे 1907 साली हिंदुस्थान सरकारच्या अर्थखात्यात रुजू झाले. कलकत्त्यास असताना कचेरीच्या वेळेबाहेर ते प्रयोगशाळेत बसत. 1917 साली ते प्राध्यापक झाले आणि 1920 साली शिवकाली कुमार यांच्यासह त्यांनी भारतीय चर्मवाद्यांवर एक टिपण प्रसिद्ध केले. साध्या ताणलेल्या कातड्यातून निघणारे वरचे स्वर मूळ स्वराशी सुसंवादी नसतात; म्हणून सामान्य ढोल नाद देतो, पण निश्चित सूर देत नाही. तबला आणि मृदंग यांच्यावरील शाईच्या थरांमुळे हे स्वर सुसंवादी प्रमाणात बसतात, हे रामन यांनी दाखवून दिले. जे भौतिकशास्त्राने 1920 मध्ये मांडले, ते शाई घोटणाऱ्या अनामिक कारागिरांच्या बोटांस पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक होते.

यंत्राने वाद्याची नक्कल करण्याचे दोन मार्ग आहेत. एक, विजेच्या स्पंदनांतून तसा नाद नव्याने निर्माण करणे. दुसरा, खऱ्या वाद्याचा आघात ध्वनिमुद्रित करून हवा तेव्हा उमटवणे. पहिल्या मार्गाच्या रोलंड यंत्रांवर चरणजित सिंग यांनी 1982 साली दहा राग वाजवून ध्वनिमुद्रिका काढली. दुसरा मार्ग अमेरिकेतील रॉजर लिन यांनी 1980 च्या ‘एलएम-1’ यंत्रात अंकीय रूपाने आणला. त्याची किंमत पाच हजार डॉलरच्या आसपास होती. त्यात झांजांचा दीर्घ निनाद नव्हता. कारण त्या वेळी स्मृतिपट्ट्या महाग आणि लांबणाऱ्या नादास जागा फार लागे. आपल्याकडे पुढे बंगळूरचे अभियंते जी. राज नारायण यांच्या ‘राडेल’ने ‘तालमाला’ हा विद्युत्तबला घरोघरी पोचवला. 1996 मध्ये हॅम्बुर्गच्या स्टाइनबर्ग कंपनीने ‘व्हीएसटी’ ही पद्धती प्रसृत केली आणि वाद्ये ‘प्लगइन’च्या रूपाने संगणकात शिरली. आज ‘हायड्रोजन’सारखी तालयोजनेची साधने तर विनामूल्य मिळतात.

या साठवणुकीचा हिशेब कारकुनी पद्धतीने मांडून पाहू. सेकंदाला 44,100 नमुने आणि प्रत्येक नमुन्यास दोन बाइट धरले, तर एका सेकंदास 88,200 बाइट लागतात. एक बोल दोन सेकंदांचा, चार निरनिराळ्या जोरांनी आणि प्रत्येक जोराचे पाच पाठ, असा घेतला, तर चाळीस सेकंद होतात. असे दहा बोल म्हणजे सुमारे साडेतीन कोटी बाइट. पाच पाठ कशासाठी? कारण वादकाच्या हातून एकच ‘ना’ दोनदा अगदी तंतोतंत तसाच येत नाही. आणि यंत्राने तो एकसारखा उमटवला, तर कान लगेच विटतो.

एवढे करूनही काही उरतेच. डग्ग्यावर मनगट सरकवून काढलेली मींड सुट्या बोलांच्या साठ्यात सहजी मावत नाही. शिवाय साथ म्हणजे केवळ ठेका नव्हे. गायिका समेकडे येताना किंचित रेंगाळली, तर तबलजी तिच्याकडे पाहतो आणि तिला सांभाळून घेतो. ठरल्या गतीचा यांत्रिक ठेका तिच्यासाठी थांबत नाही. म्हणून यंत्रास रियाजाचा सोबती म्हणावे, संगतकार म्हणू नये.

याहून गंभीर प्रश्न न्यायाचा आहे. 1969 साली अमेरिकेतील ‘विन्स्टन्स’ या वाद्यवृंदाच्या एका ध्वनिमुद्रिकेत ग्रेगरी कोलमन यांनी सुमारे सहा सेकंद एकट्याने ड्रम वाजवले. तो तुकडा पुढे असंख्य गीतांत वापरला गेला. कोलमन यांना मात्र त्याचे मानधन मिळाले नाही आणि 2006 साली ते विपन्नावस्थेत वारले. 2015 साली चाहत्यांनी वर्गणी काढून वृंदप्रमुख रिचर्ड स्पेन्सर यांना 24,000 पौंड दिले. परंतु वादकापर्यंत ती कृतज्ञता पोचू शकली नाही.

आपल्या गोंधळ्यांचे संबळ, तमाशातील हलगी आणि ढोलकी यांचे बोलही याच मार्गाने यंत्रांत जात आहेत व जातील. ते जाऊ नयेत असे म्हणणे व्यर्थ आहे. परंतु ध्वनिमुद्रणाचे साधन आता सामान्य घरातही आले आहे. तेव्हा रजेवर गावी गेलेल्या कोणासही एखाद्या वृद्ध वादकाकडे बसून त्याचे बोल टिपता येतील. मात्र त्याची संमती घ्यावी, त्याचे नाव त्या साठ्यावर लिहावे आणि त्याचा योग्य मोबदला त्याच्या हयातीतच त्याच्या हाती पडावा. शाई घोटणाऱ्यांची नावे इतिहासाने नोंदवली नाहीत. बोल देणाऱ्यांची नावे नोंदवणे अद्याप आपल्या हाती आहे.